खांडबाऱ्याला उतरलेली पेटी

या सदरातले अनुभव मी हॉस्टेलच्या मेसमध्ये मैत्रिणींना घाबरट आवाज काढून वाचून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. भूत, भास, संकेत... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. त्यामुळे आता माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त पूर्ण वाचून मग हसा.

मी शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरची. वडील – आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो – साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी वातावरणाच्या रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. सुरुवातीला माझा विषय होता हवेतली धूळ. ती गाळायची, तोलायची, तपासायची. आप्पा फोनवर विचारायचे, "मंग, आज कितली धूय खादी?" पुढे मी ओझोनकडे वळले, पण ते आप्पा गेल्यानंतर. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

उंचावरचा ओझोन मोजायला मोठा फुगा सोडतात. त्याला खाली थर्माकोलची पेटी लटकते. आत छोटासा पंप आणि द्रावण भरलेले दोन कप. हवा त्या द्रावणातून जाते आणि ओझोन किती ते कळतं. वर गेल्यावर फुगा फुटतो, पेटी पॅराशूटने खाली येते... कुठे, ते वारा ठरवणार. आकडे रेडिओने आमच्यापर्यंत येत असतात. आम्ही जोडीला पेटीत एक मेमरी कार्डही बसवलं होतं.

माझ्या वाट्याची ही शेवटची पेटी होती. आधीची उड्डाणं वाया गेली होती आणि सरांनी – म्हणजे माझ्या गाईडनी – स्पष्ट सांगून टाकलं होतं, "हे फसलं तर विषय बदलावा लागेल." विषय बदलायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. इकडे घरी आई एकटी. मामाने एका शाळेत माझ्यासाठी नोकरीचं बोलून ठेवलेलं. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं – यावेळी फसलं तर पीएचडी सोडायची.

पावसाळा सरत आला होता. शहाद्याबाहेर एका मोकळ्या मैदानात सकाळी आम्ही फुगा भरला. वारा वाढायला लागला तशी सरांची घाई सुरू झाली, आणि पेटीवर 'सापडल्यास संपर्क करा' हे लेबल लावायचंच राहिलेलं! मी पळत जाऊन मार्करने नंबर लिहिला, लेबल चिकटवलं आणि फुगा सोडला. झकास वर गेला. आणि थोड्याच वेळात रिसीव्हर बंद पडला... आम्ही सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसून बटणं दाबत राहिलो, तोवर फुगा ढगांत दिसेनासा झाला. आता आकडे फक्त कार्डात, आणि ते कार्ड कुठे पडणार देव जाणे. (हो, 'देव जाणे'च म्हणाले मी. तोंडात बसलेलं असतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, तुमनी पेटी आमना शेतमा पडेल शे. खांडबारानी जवयच. ली जा."

मी उडालेच! "भाऊ, माझा नंबर कोणी दिला तुम्हाला?"

"तुमना वडीलसनी दिना ना."

मला वाटलं, घाईत मी लेबलवर सरांचा नंबर लिहिला असणार. सरांचा आवाज वयस्कर आहे, यांनी ते माझे वडील समजले. इतकं सरळ होतं ते. मी बस पकडून नंदुरबार गाठलं आणि तिथून गाडीने खांडबारा.

फोन करणारे देवरामभाऊ मोटारसायकल घेऊन स्टेशनवर आले होते. घरी त्यांचं आणि वहिनींचं बोलणं इकडच्या आदिवासींच्या कोकणी बोलीत चालू होतं, माझ्याशी मात्र अहिराणीत. पेटी ओट्यावर सावलीला, भिंतीला टेकवून सरळ उभी ठेवलेली, वर स्वच्छ टॉवेल. इतकी काळजी आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा कुणी घेत नाही.

"गावना लोक भ्यायी गयथात," देवरामभाऊ सांगू लागले. "कोनी म्हने बॉम्ब शे, कोनी म्हने ड्रोन. नदीमा फेकाले निंघनथात. मी म्हनं, नंबर लिखेल शे, लाई तं दखू. तुमना वडीलसनी लगेच उचला. म्हनेत, भाऊ, घाबरू नका, नदीमा नका टाकू, मन्ही पोरनी मेहनत शे ती. आतमा दोन कप शेत, आडवी नका करू. मन्ही पोर हवा तपासस, डॉक्टर व्हई ऱ्हायनी."

मी हसत म्हटलं, "भाऊ, ते माझे सर असतील."

"नही ताई. 'मन्ही पोर' म्हनेत त्या. आपली अहिराणीच बोलनात."

सर कोल्हापूरचे. त्यांना अहिराणीतलं एक वाक्य धड येत नाही.

मी टॉवेल बाजूला केला. लेबलवर माझ्याच अक्षरात आप्पांचा नंबर होता. शाळेपासून जिथे तिथे तोच लिहीत आले, घाईत हाताने तोच लिहिला. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली होती. सिम आईने तेव्हाच बंद केलेलं. मी तिथे ओट्यावर बसून घेतलं आणि रडले. वहिनींनी पाणी आणून दिलं.

देवरामभाऊंच्या मोबाईलमध्ये तो कॉल होता. नंबर तोच, आणि बोलणं चांगलं लांबलेलं. मी तिथूनच पुन्हा लावला – 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' नंतर मोबाईल कंपनीच्या दुकानात विचारलं, तो नंबर दुसऱ्या कुणाला दिलेला नाही म्हणाले. सर म्हणतात, चुकून कुठेतरी लागला असेल. असेलही. पण मग त्या माणसाकडे माझा नंबर कुठून आला? टेपने बंद केलेल्या पेटीत दोन कप आहेत हे त्याला कसं कळलं? धुळीच्या कामात असले कप नसतात, आणि ओझोनबद्दल सांगायला माझ्याजवळ आप्पा नव्हतेच. आकड्यांतली चूक शोधतो तशी मी एकेक शक्यता तपासून बाजूला केली. शेवटी हातात काही उरलं नाही. आजही नाही.

कार्ड शाबूत होतं. आकडे इतके सुंदर आले की सर स्वतः चहा सांगायला उठले. प्रबंध आता शेवटच्या प्रकरणावर आहे. मामाला नोकरीचं नाही म्हणून कळवलं.

आईला हे सांगायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. सांगितलं तेव्हा ती घाबरली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या भाऊले फोन लाव. माले इचारनं शे." मी स्पीकरवर लावून दिला.

शेवटचं वर्षभर आप्पांना दम लागायचा. खोकल्यामुळे एक वाक्य सलग पुरं करता यायचं नाही. ती उबळ आली की आई रात्र रात्र त्यांची पाठ चोळत बसायची.

"भाऊ," आईने विचारलं, "बोलता बोलता खोकत व्हतात का त्या?"

"नही माय," देवरामभाऊ म्हणाले. "आवाज एकदम खणखणीत व्हता."

आईने फोन माझ्या हातात दिला, पदराने डोळे पुसले आणि हसली.

"मंग आते त्यासनी तब्येत बरी शे," ती म्हणाली.