दुपारी मारलेलं पाणी

तड असा आवाज आला, मग अजून एक, आणि माझ्या हातातला पाइप सुटला. कारण काच फुटत होती ती तिसऱ्या रांगेत, आणि तिथंच खाली सावलीत माझी आठ महिन्यांची पोरगी झोळीत झोपलेली. मी पळाले. चिखलात घसरले, गुडघा सोलला, तेव्हा काही कळलं नाही. वर बघितलं तर अख्ख्या पॅनेलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. पोरीला ओढून काढलं, अंग चाचपलं, तोंडात बोट फिरवलं, तुकडा तर नाही ना. ती रडली. ती रडली तेव्हा मला श्वास घेता आला.

साक्रीच्या पुढं माळावर सोलरचा प्लांट आहे, तिथं आम्ही नऊ बायका काचा धुतो. धूळ बसली की वीज कमी होते म्हणून. यात एकच नियम, ऊन चढायच्या आत धुवायचं. तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी पडलं की ती तडकते. हे आम्हाला कंपनीनंच शिकवलं होतं, मोबाइलमधे फोटो दाखवून.

मग कंपनी बुडायला लागली. म्हणजे काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आधी आम्हाला गावातून आणणारी पिकअप बंद झाली. मग नवे ब्रश येईनात, जुन्यांचे केस गळून नुसती लाकडं उरली. पगार तीन महिने नाही. प्लांटवरच्या साहेबाला विचारलं तर तो सगळ्यांना उभं करून म्हणायचा, आपण एक कुटुंब आहोत, थोडं सांभाळून घ्या.

आमची मुकादम अक्का, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलायची. ती म्हणाली, "कुटुंब शे ना साहेब? मंग आज सांजले तुमना घर जेवाले येतस आम्ही बठ्ठ्या. वहिनीले सांगी ठेवा."

आम्ही सगळ्या जेवायला येणार म्हटल्यावर बायका हसल्या. साहेबपण हसला, पण त्याचं हसू लगेच गेलं.

पिकअप नाही म्हणून आम्ही पायी जायचो, घरी परतायला उशीर व्हायचा. पोरगी अंगावर पिते, तिला कुठं ठेवू? नवरा सुरतेला कामाला, घरी कोणी नाही. अक्कानंच पहिल्या दिवशी पॅनेलच्या लोखंडाला झोळी बांधून दिली. आत लेकरू आणायची बंदी, तसा बोर्ड गेटवर आहे. साहेबानं बघून न बघितल्यासारखं केलं. मला तेव्हा तो देवमाणूस वाटला होता.

त्या दिवशी आम्ही पोचलो तर टाकीत पाणीच नव्हतं, मोटर बंद. बसून राहिलो. बारा वाजता मोटर सुरू झाली आणि साहेब धावत आला, शर्ट ओला झालेला. "तीन वाजता कंपनी विकत घेणारे येताहेत. पुढच्या चार रांगा चकाचक पाहिजेत. लागा."

अक्का म्हणाली, "आत्ते? काच तडकी जाई साहेब."

"काही होत नाही. जबाबदारी माझी."

"लिखी द्या."

"अक्का, डोकं नको खाऊ! ते परत गेले तर तुझी नोकरी जाईल आणि माझीही!"

तो ऑफिसकडं निघाला. मी पाइप धरून उभी. मी अक्काकडं बघितलं. ती त्याच्या पाठीकडं बघत होती, आणि तोंड कडू झाल्यासारखी, त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मार पानी. तो सांगस ना, मार. देखू काय व्हस."

मी मारलं. पोरगी कुठं आहे हे त्या घाईत माझ्या डोक्यात आलंच नाही. अजून ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सात पॅनेल गेली. तीन वाजता माणसं आली, फुटक्या काचांचे फोटो काढले, चहा न घेता गेली.

साहेबानं मला एकटीला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद. मी सातवी शिकले, अक्षर लावून वाचलं. लिहिलं होतं, मुकादमबाईनं भर दुपारी पाणी मारायला सांगितलं, आम्ही तिचं ऐकलं.

"साहेब, सांगितलं तर तुम्ही."

"पण शेवटी मार कोण म्हणालं?"

मार अक्काच म्हणाली होती.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "मलाही वरून फोन चाललेत, मलाही चार महिने पगार नाही. तू सही कर. नाहीतर मला लिहावं लागेल की तू लेकरू आत आणलंस, तिला बघायला पळालीस, पाइप टाकलास, म्हणून नुकसान झालं. मग अडकलेला पगारही नाही मिळायचा." त्याचे डोळे लाल होते. खोटं रडत नव्हता तो, मला कळत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पोरगी माझ्या पदराशी तोंड घालत होती, भुकेली. मी सही केली. माझी सही शाळेतलीच, तिच्यात माझ्या बापाचंही नाव येतं, तेही लिहिलं.

अक्काला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. तिनं भांडण केलं नाही. आम्हाला म्हणाली, "जा व बाया, ऊन चढी ऱ्हायनं." पगार अजून झालेला नाही. कंपनी कोणी घेतली की नाही, तेही कोणी सांगत नाही. आम्ही आठजणी रोज जातो. पोरीला आता शेजारणीकडं ठेवते, ती वरचं दूध पिते, तिचं अंग उतरलंय.

गेल्या बाजाराला साक्रीत अक्का दिसली, मिरच्या निवडत होती. पोरीला कडेवर घेऊन मी वळणार होते, पण तिनं आधी बघितलं. कागदावर कोणाची सही आहे हे तिला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. तिनं पोरीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "काचना तुकडा तं नही ना लागना व हिले त्या दिनले?"

नाही म्हणाले मी. एवढंच बोलले. माफी मागायला तोंड उघडेना, आणि मागितली असती तरी दुसऱ्या दिवशी मी त्याच गेटमधून आत जाणार होते. तुम्ही माझ्या जागी असता, कडेवर ते लेकरू, समोर तो कागद, तर तुम्ही काय केलं असतं?