उशाशी वाळा

कडा गावच्या उमाबाईला झोप येत नव्हती आणि ज्याच्या त्याच्या सल्ल्यांना ऊत आला होता.

बाई तशी खमकी. नवरा धोंडप्पाचं कापडाचं दुकान. तो गज हातात धरून गप्पा मारणार आणि गिऱ्हाईक हिनं सांभाळायचं. लेक शिवांजली तेलगावला दिलेली. तिला दिवस गेले होते, पण पहिल्या खेपेला पोट पडलेलं. त्या धास्तीनंच आईचा डोळा लागत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. घरात वास चांगला असला की झोप लागते, हेही ठरलं. उमाबाईला कुणी विचारलं नाही.

थोरला संगमेश पुण्याला कंपनीत. त्यानं केबलवर दाखवतात तसला जाईच्या वासाचा फवारा पाठवला. तो मारला नि उमाबाई शिंकून शिंकून बेजार. मग धोंडप्पानं ऊद जाळला. धूर एवढा, की शेजारची वत्सलाबाई आग लागली म्हणून घागर घेऊन धावली. उशीला अत्तराचा फाया लावला, तर उमाबाई म्हणाली, मांडवात निजल्यागत वाटतंय, आन् मांडवात कुनाला झोप लागती?

शेवटी वत्सलाबाईनं वाळा सुचवला. त्या मुळ्यांचा वास लई थंड. फडक्यात बांधून उशाशी ठेवायच्या, बस्स. धोंडप्पा आष्टीच्या बाजाराला निघाला, तेव्हा उमाबाईनं दारातूनच सांगितलं, येताना वाळा आना, उशाशी ठिवायचाय.

संध्याकाळी त्यानं गुलाबी कागदाची पुडी तिच्या हातावर ठेवली. आत चांदीचे इवलेसे वाळे, घुंगरांचे, तान्ह्याच्या पायातले.

उमाबाईनं पुडी झटकन खाली ठेवली.

"ह्ये काय आनलंत?"

"वाळा. एकच कसा आनावा, जोडी घेतली. उशाशी ठिवायचा म्हनलीस, मला वाटलं नवस असंल."

"अवो, मुळ्या सांगितलत्या मी, मुळ्या! आन् बाळ जल्मायच्या आधी त्याची वस्त घरात आनत्यात व्हय? पहिलं टोपडंबी दुसऱ्याचं जुनं घालत्यात. काळजीनं मरत हाय मी, आन् तुमी इघ्न पुडीत बांधून आनलंत."

धोंडप्पाचं तोंड उतरलं. सोनाराकडं परत द्यायचे तर पुढच्या बाजारापर्यंत थांबणं आलं. तोवर वाळे घरात नकोत. दुकानात ठेवावेत तर कुलूप कुचकामी, चांदी राखायला माणूस हवं. उमाबाईनं वळकटी काढली, त्याच्या काखेत दिली आणि पुडीसकट त्याला दुकानात निजायला धाडलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी उमाबाईचं दार बंद. वत्सलाबाईनं कडी वाजवून वाजवून उठवलं. डोळे चोळत उमाबाई बाहेर आली. घरात ना ऊद, ना अत्तर, ना फवारा. आणि कैक वर्षं रात्रभर चाललेलं धोंडप्पाचं लाकूड कापल्यागत घोरणंही नाही.

मधले दिवस ती तशीच निजली. बाजाराच्या दिवशी धोंडप्पा पुडी घेऊन आला. मान अवघडलेली, डासांनी फोडून काढलेला. म्हणाला, आज देऊन टाकतो परत, म्हंजी मला घरी निजाया येता यील.

उमाबाई पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या. सोनार कुठं पळून चाललाय? पोरगी बाळंत झाल्यावर लागतीलच की."

"म्हंजी तवर मी दुकानात?"

"वाळ्याचा गुन आलाय," उमाबाई म्हणाली. "इतक्यात कशाला मोडायचा?"