वर्ष व्हायच्या आत

नवरा गेल्यानंतर पाच महिन्यांनी मी पोशीरच्या एका शेतात बसून वालाच्या गरम शेंगा आणि कोंबडी खाल्ली, आणि त्याबद्दल मला आजही कुणाची माफी मागायची नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसू नये.

मी कर्जतला राहते आणि नेरळच्या बाजूला एका शाळेत मराठी शिकवते. आमचं घर खाणाऱ्यांचं. नारळाच्या दुधातली कोलंबी, खिमा, कडव्या वालाचं बिरडं, रविवारी मटण. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला देवघर दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी भिजवलेले वाल सोलायला बसवलं. हे सगळं मी अठ्ठावीस वर्षं रांधलं. खाल्लं मात्र शेवटी. कुणी तसा हुकूम केला नव्हता. नवऱ्याला आणि मुलाला तव्यावरची पोळी लागायची, मग ती करायला कुणीतरी तव्यापाशी उभं राहायला हवं, आणि ते कुणीतरी मी होते. त्यांचं आटोपलं की कढईत राहिलेल्या रश्शात भात कालवून मी ओट्यापाशीच जेवून घ्यायची.

नवरा वाईट नव्हता. हसरा होता, मित्रांत रमणारा होता. दर हिवाळ्यात भाताची कापणी उरकली आणि वालाला शेंगा धरल्या की तो मित्रांबरोबर पोपटीला जायचा. आमच्या रायगडात पोपटी ठाऊक नाही असं घर सापडायचं नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडं मीठ, अंडी, बटाटे, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंड पुन्हा पाल्यानेच घट्ट बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही लागत नाही. पण ही पुरुषांची गोष्ट. बायका घरी मसाला वाटून द्यायच्या, तो डब्यात भरून पुरुष शेतावर जायचे. सकाळी उठल्यावर ओट्यावर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या मूठभर शेंगा असायच्या, माझ्यासाठी आणलेल्या. गार, सुरकुतलेल्या, तरी ओव्याचा आणि धुराचा वास असलेल्या. मी त्या चहाबरोबर खायची.

"काल गरम असताना खायला हव्या होत्यास," तो दर वर्षी म्हणायचा.

"हो का," मी म्हणायची.

या बोलण्यात काही चुकतंय हे अठ्ठावीस वर्षांत त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

श्रावणात तो गेला. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा पुण्याहून आला, दिवस झाले, परत गेला. त्याला नोकरी आहे, बायको आहे, मी त्याला अडवलं नाही.

माझ्या मोठ्या नणंदबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना मी वन्सं म्हणते. त्या चौतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. माझ्याकडे महिनाभर राहायला आल्या, माझं सगळं केलं, ते मी विसरणार नाही. पण जाताना त्यांनी फळीवरची सुकटीची बरणी आणि सुक्या कोलंबीच्या सोड्यांचा डबा उचलून कामवालीला देऊन टाकला.

"वर्षभर साधं जेव," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं की मग बघू. लोकांचे डोळे असतात."

तेव्हा माझ्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं. मग हळूहळू मी स्वयंपाकच सोडला. एकटीसाठी काय करायचं, असं म्हणत रात्री चहा आणि खारी, सकाळी दोन पोळ्या आणि लोणचं. वजन उतरलं, ब्लाउज सैल झाले. लोक म्हणाले, बाईंनी दुःख फार मनाला लावून घेतलं. खरं तर मी उपाशी होते.

शाळेत मुलांची खिचडी रांधायला एक बाई येतात. पोशीरच्या, शेतकरी घरातल्या, माझ्याच वयाच्या. मी त्यांना ताई म्हणते. शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याकडे हळहळून बघत, म्हणून मी डबा घेऊन ताईंच्या चुलीपाशी बसायला लागले. तीन-चार दिवस त्यांनी काही म्हटलं नाही. मग एकदा वाकून डब्यात बघितलं.

"बाई, हा डबा हाय का शिक्षा?"

मी म्हटलं, "वर्ष व्हायचंय ना अजून."

"वर्साचा नि पोटाचा काय संबंध? पोट रोज हाय."

त्यांनी आपल्या फडक्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली. वर कांदा घालून परतलेली सुकट. मी दाराकडे बघितलं, कुणी येत नव्हतं. पहिला घास घेतला आणि तोंडाला पाणी सुटलं, इतकं की गिळताना कानामागे दुखलं. ती अर्धी भाकरी संपवून मी विचारलं, "अजून आहे का?"

"हाय," ताई म्हणाल्या आणि उरलेली अर्धी माझ्याकडे सरकवली. स्वतः त्या दिवशी मुलांच्या खिचडीतलीच वाटीभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी दारात नजर न टाकता जेवले.

जानेवारीत माझा वाढदिवस येतो. माझी शाळेपासूनची मैत्रीण कुंभिवलीला हायवेजवळ खानावळ चालवते. कारखान्यातली माणसं, ट्रकवाले, सगळे तिच्याकडे जेवतात. तिचा फोन आला.

"यंदा काय करायचं?"

"काही नाही गं. वर्ष व्हायचंय."

"ते मला माहीत आहे. मी तुला खायला काय हवं ते विचारतेय. आणि मुलाला, सुनेला काय आवडतं ते सांगू नकोस, तुझं सांग."

दर वाढदिवसाला मी पुरणपोळ्या करायची, कारण नवऱ्याला आवडायच्या. फोन धरून मी उभी राहिले आणि मग तोंडातून निघून गेलं, "मला गरम पोपटी खायची आहे. शेतात बसून."

मग ती म्हणाली, "मडकी कुठे मिळतात?"

मडकी कशेळ्याच्या बाजारातून आणली, दोन. ताईंनी आपल्या शेतात जागा दिली आणि शेंगाही त्यांच्याच. एका रविवारी दुपारी आम्ही तिघी तिथे जमलो. मैत्रिणीने कोंबडीला मसाला लावून आणला होता, मी ओवा, मीठ आणि डझनभर अंडी नेली होती. बांधावर भांबुर्ड्याचा पाला खुडताना हाताला त्याचा उग्र वास लागला आणि एकदम नवऱ्याची थंडीतली बंडी डोळ्यांसमोर आली. त्या बंडीला हाच वास असायचा. मी तशीच थोडा वेळ वाकून राहिले. मग पुन्हा खुडायला लागले.

ताईंचे दीर बांधावर येऊन बसले होते.

"बायकांनी लावलेली पोपटी कच्ची राहती," ते म्हणाले. "सरा, मी लावतो."

"तुमी बसा भावजी," ताई म्हणाल्या. "हात लावायचा नाय."

पहिलं मडकं फुटलं. आम्ही पेंढा एकदम पेटवला, जाळ भसकन वर गेला आणि दहा मिनिटांत तड आवाज आला. मडक्याचा एक अख्खा तुकडा निखळून पडला, त्यातून अंडी बाहेर आली आणि राखेत फुटली. दीर मांडीवर थाप मारून हसले. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं, मी आता रडेन.

"दुसरं मडकं आण," मी म्हटलं.

कोंबडीची पुडकी वाचली होती, ती राख झटकून घेतली. अर्ध्या शेंगा जळल्या होत्या, ताईंनी शेतात जाऊन पुन्हा तोडून आणल्या. या वेळी पाला ठासून भरला, आधी बारीक काटक्या लावल्या, मग गोवऱ्या, पेंढा सगळ्यात शेवटी थोडाथोडा. तिघींनी तीन बाजूंनी जाळ सांभाळला. धुराने डोळे लाल झाले, माझ्या साडीच्या काठाला ठिणगीने भोक पडलं. दीर मधूनमधून काहीतरी सांगत राहिले आणि आम्ही ऐकलं नाही. पाऊण तासाने ताईंनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी तिथेच उडालं.

"झाली," त्या म्हणाल्या.

मडकं केळीच्या पानांवर रिकामं केलं. वाफेचा लोट उठला. पहिली शेंग मी उचलली, बोटं भाजली, तरी टाकली नाही. दाणा जिभेवर आला आणि पिठासारखा विरघळला. किंचित कडसर, मग गोड, मिठाचा खडा मध्येच लागलेला. ही गारढोण शेंगांची चव नव्हेच. ही वेगळीच वस्तू होती, आणि मी पन्नाशी ओलांडून ती पहिल्यांदा खात होते. मला रडू आलं नाही. राग आला. नवऱ्यावर, आणि त्याहून जास्त "हो का" म्हणणाऱ्या बाईवर. रागाने मी पुढची शेंग सोलली आणि मग खाता खाता राग मागे पडला, कारण कोंबडी फार सुंदर झाली होती. दिरांनाही एक तंगडी दिली. ते मुकाट्याने खाऊन घरी गेले.

मैत्रिणीने माझा फोटो काढला. तोंडाला काळं लागलेलं, हातात कोंबडी, मी हसतेय. घरी आल्यावर मी तो व्हॉट्सॅपच्या स्टेटसला लावला. चुकून नाही, ठरवून लावला.

मुलाचा फोन आला. "आई, तू खा गं, माझं काही म्हणणं नाही. पण सगळ्यांना दाखवायची काय गरज आहे?"

"लपवायची काय गरज आहे?" मी विचारलं. तो म्हणाला, "बरं."

वन्सं दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. सुट्टी होती. मी आदल्या रात्री वाल सोलून ठेवले होते, बिरडं नुकतंच उतरवलं होतं आणि टेबलापाशी ताट वाढून घेतलं होतं. बिरडं, गरम भात, तळलेला पापड, एका अंड्याचं ऑम्लेट. वन्सं खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"माझा भाऊ जाऊन वर्ष नाही झालं," त्या म्हणाल्या.

"पाच महिने झाले. बसा वन्सं, तुम्हालाही वाढते."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं. रोज वाटतं. पण जेवले नाही म्हणून ते कमी होत नाही, मी बघितलंय करून."

त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी चौतीस वर्षांची होते. तेव्हापासून अंड्याला हात लावला नाही. मासळीचा वास आला तर खिडकी लावून घेते. मला काय आवडत नव्हतं? भरलेलं पापलेट मी एकटीने संपवायची, आई ओरडायची. सोडलं सगळं. मग मी काय वेडी होते?"

इतक्या वर्षांत हे त्या मला पहिल्यांदा सांगत होत्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला असता तर ताट बाजूला सारावं लागलं असतं, आणि मला ठाऊक होतं, एकदा सारलं की ते पुन्हा पुढे ओढायला आणखी अठ्ठावीस वर्षं लागतील.

"तुम्ही वेड्या नव्हता," मी म्हटलं. "तुम्हाला सोडायला लावलं. त्याचं मला फार वाईट वाटतं वन्सं. पण त्यासाठी मी सोडणार नाही."

आणि मी घास घेतला. त्यांच्यासमोर, सावकाश. त्या बघत राहिल्या. मग पदर सावरून निघून गेल्या.

चार महिने बोलल्या नाहीत. नात्यातल्या एका लग्नात मला बघून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसल्या. गल्लीतही कुजबुज झाली. दोघीतिघींनी मला हळदीकुंकवाला बोलवणं नाहीतरी बंद केलंच होतं, त्यामुळे त्यांच्याकडून नवीन शिक्षा होण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रोज ताट वाढून टेबलापाशी बसत राहिले. महिन्यातून एकदा आम्ही तिघी कुणाच्या तरी घरी जेवतो. ताईंना खानावळीतलं पनीर आवडतं, मैत्रिणीला ताईंच्या हातची नाचणीची आंबील, आणि मी दोन्ही दोनदा घेते.

पावसाळ्याच्या तोंडावर कळलं की वन्संना ताप आहे. मी मऊ भात आणि अंड्याची पातळ आमटी डब्यात घालून घेऊन गेले. अंडं मुद्दाम घातलं होतं, ते लपवत नाही. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला. संध्याकाळी शेजारणीने तो आणून दिला, घासूनपुसून, रिकामा. त्यांनी खाल्लं की दुसऱ्या कुणाला घातलं, हे मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. त्या हिंडूफिरू लागल्या होत्या. दारातच डबा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय आहे?"

"बांगडा. तिखटाचा."

त्या डब्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी दार लावून घेतलं. डबा आत गेला होता.