उणे एकोणीस प्रती

लेम्पी निस्कालाने मिशिगनमधल्या कॅल्युमेटच्या शाळेची बस एकतीस वर्षं चालवली. सकाळी बावीस पोरं चढली की शाळेच्या दारात बावीसच उतरायची, मग बाहेर कमरेएवढा बर्फ असो नाहीतर मागच्या बाकावर मारामारी चाललेली असो. निवृत्त झाल्यावर तिने एक छोटंसं पुस्तक लिहिलं. विषय होता, घरच्या सौनात, म्हणजे फिनिश लोकांच्या वाफेच्या खोलीत, माणसाने कसं वागावं. तापलेल्या दगडांवर पाणी कुणी ओतायचं, वरच्या बाकाचा मान कुणाचा, आणि पाहुण्याला वाफ सोसेनाशी झाली तर त्याची अब्रू न घालवता त्याला बाहेर कसं काढायचं. मिलवॉकीच्या एका लहानशा प्रकाशनाने ते छापलं. पहिली आवृत्ती बऱ्यापैकी गेली, म्हणून उन्हाळ्यात दुसरी काढली.

"आता तू लेखिका," तिचा नवरा राइनो म्हणाला. "आता भांडी मला घासावी लागणार." घासली मात्र त्याने कधीच नाहीत.

मार्चमध्ये सहामाही विक्रीचं पत्रक आलं. जुलै ते डिसेंबर. विकलेल्या प्रती शून्य. दुकानांकडून परत आलेल्या एकोणीस. निव्वळ विक्री उणे एकोणीस. रॉयल्टी उणे चौतीस डॉलर वीस सेंट, पुढच्या सहामाहीत वळती केली जाईल.

लेम्पीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"राइनो, उणे एकोणीस पुस्तकं खपली म्हणजे काय रे?"

राइनो मांस-बटाटा भरलेली पास्टी खात होता. तोंडातला घास गिळून तो म्हणाला, "म्हणजे तू लिहिलंच नसतंस, तर एकोणीस जास्त खपली असती."

तिने मिलवॉकीला फोन लावला. रॉयल्टी विभागाला जोडून द्या म्हणाली. विभाग म्हणजे थिओडोरा पेट्राकिस नावाची एकटी बाई होती.

"दुकानं न खपलेली पुस्तकं परत पाठवतात, बाई," थिओडोरा म्हणाली. "ती विक्रीतून वजा होतात."

"होऊ देत ना. पण विक्री शून्य कशी? इथल्या हार्डवेअरच्या दुकानात नाताळात ढीग लावला होता. माझ्या डोळ्यांदेखत संपला!"

"संगणकात शून्यच दिसतंय."

"तुमचा संगणक कॅल्युमेटला आलाय का कधी?"



दुसऱ्या दिवशी लेम्पीने पिकअप काढली आणि बसच्या जुन्या रस्त्याला लागली. घर न् घर तिच्या ओळखीचं. पहिल्याच दारात क्लाइड ट्रेवॅरो उभा. एकेकाळी तिच्याच बसमधला, आता चाळिशीचा, दोन पोरांचा बाप; पण तिला बघताच तोंडातलं च्युइंगम त्याने चटकन गिळून टाकलं.

"क्लाइड, माझं पुस्तक घेतलंस?"

"हो, बाई."

"दाखव."

पुस्तक फ्रीजरच्या आखूड पायाखाली होतं. "वाचून झाल्यावरच ठेवलं, देवाशपथ," क्लाइड म्हणाला.

"कधी घेतलंस? कुठून?"

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. हार्डवेअरमधून."

"कर इथे सही."

एका घरात पुस्तक सौनातच ठेवलेलं होतं. वाफेने वेलदोड्याच्या नीसू पावासारखं टम्म फुगलेलं. एक म्हातारी म्हणाली, मी लायब्ररीतून आणून वाचलं. लेम्पी नुसती बघत राहिली. म्हातारीने तिच्यासमोरच हार्डवेअरला फोन लावून एक प्रत बाजूला ठेवायला सांगितली. ती प्रत मात्र लेम्पीने मोजली नाही. ती मार्चमधली होती.

चार दिवसांत एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. प्रत्येकीपुढे तारीख आणि दुकान. तो गठ्ठा तिने मिलवॉकीला पाठवला.

आठवड्याने थिओडोराचा फोन आला. "बाई, बावीस वर्षं मी लेखकांना पत्रकं पाठवतेय. लेखकाने मला पत्रक पाठवलं, हे पहिल्यांदाच!"

घोळ सापडला होता. दुसऱ्या आवृत्तीच्या पाठीवर बारकोड छापला गेला होता तो भलत्याच पुस्तकाचा. विकली गेलेली प्रत न् प्रत त्या पुस्तकाच्या नावावर चढत होती. लेम्पीच्या नावावर आल्या त्या फक्त शिकागोच्या दुकानाने परत पाठवलेल्या पहिल्या आवृत्तीच्या एकोणीस. तिचे तीनशे सत्तेचाळीस डॉलर चाळीस सेंट निघत होते. चेक तयार होता.

"आणि ते भलतं पुस्तक कुणाचं?"

थिओडोराचा आवाज पडला. "ऑरिन टेश म्हणून आयोवातले निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांच्या आठवणी. इतकं खपतंय म्हणून त्यांनी गावजेवण घातलं, बाई. दुसरा भाग लिहायला घेतलाय. मला त्यांना सांगायचा धीर होत नाही."

"मी सांगते," लेम्पी म्हणाली. "रडणारी पोरं बसमधून उतरवायची सवय आहे मला."

मिशिगनच्या एका बाईंना तुमच्याशी बोलायचंय, एवढंच थिओडोराने टेशसाहेबांना विचारलं; त्यांनी आनंदाने होकार कळवला, आणि रविवारी दुपारी लेम्पीने त्यांना फोन लावला.

"मिशिगनहून? वा, वा! तिकडे फारच चाललंय माझं पुस्तक. सहामाहीत दोनशे तेवीस! आमची ही म्हणते, तिकडच्या लोकांचे दात वाईट असणार."

लेम्पीने त्यांना पोटभर बोलू दिलं. मग सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे त्यातली माझी किती?" टेशनी हळूच विचारलं.

"अकरा."

"अकरा." ते मनाशी मोजत असावेत. "सात मीच घेतली होती. म्हणजे चार राहिली." आणि एकदम त्यांच्या आवाजात जीव आला. "चार जणांनी घेतलं? कोण असतील हो?"

लेम्पीला गंमतही वाटली आणि गलबलूनही आलं. "ते शोधता येतं," ती म्हणाली. "कागद-पेन घ्या. सांगते कसं ते."

जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. तिघे सापडले होते: चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, दूधवाला आणि एक जुना पेशंट, ज्याला कवळी अजून बसत नव्हती आणि त्याबद्दल तो दारातच भांडला. चौथ्याचा शोध चालू होता. आदल्या रविवारी ते त्यासाठी नदीच्या पलीकडच्या काठावर, इलिनॉयमध्ये जाऊन आले होते.

लेम्पीने त्यांचं पुस्तक मागवलं. दाढ काढण्याच्या प्रकरणाशी येऊन ती इतकी हसली की राइनो बाहेरून धावत आला. मग तिने ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने निम्मं ऐकलं, गाल धरून आत गेला आणि दोन वर्षं टाळलेल्या दातांच्या डॉक्टरांची वेळ स्वतःहून घेतली.