बापूंचा उजवा हात

शेषरावबापू उजव्या हातानं काहीच करत नसत. चहाचा कप डाव्या हातात, काठी डाव्या हातात, एसटीत चढतानाही दांडी डाव्याच हातानं धरायची. उजवा हात उपरण्यात गुंडाळून पोटाशी धरलेला, जसं काही आत मांजरीचं पिल्लू झोपलं आहे. मी सून होऊन या गावात आले तेव्हापासून त्या हाताला खुरपं किंवा विळा लागलेला पाहिला नाही. जेवायला मात्र तोच हात लागायचा, आणि तेव्हा तो थकत नसे.

"माह्या हातात जस हाय," ते सांगत. "जस मंजे तूप. वापरलं का सरते."

जस म्हणजे यश. ते त्यांच्या हातात आलं कसं, हेही सांगते. फार मागं एका कोरड्या वर्षी गावाचा सगळा हरभरा वाळला आणि बापूंचा तेवढा उभा राहिला. त्यांचं वावर नाल्याला लागून आहे, तिथं उन्हाळ्यातही गवत हिरवं असतं. हे गावातल्या शेळ्यांना ठाऊक आहे, त्या तिथंच चरायला पळतात. पण माणसांनी ठरवलं की बापूंचा हात चांगला. तेव्हापासून कोणाच्याही वावरात पेरणीची तिफण उभी राहिली की पहिली मूठ बापूंची. त्यांनी चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या वाटीत, मूठभर बी टाकल्याशिवाय बैल हलत नसत. ट्रॅक्टर आले तरी तेच. यंत्राच्या डब्यात बापूंची मूठ पडली की मग ड्रायव्हर चावी फिरवणार.

पैशाला ते शिवत नसत. याचं गावाला फार कौतुक. पण आधी चहा लागे, मग पोहे, मग सुपारी. सुपारी चघळत ते कोणाचं शेत आपल्या हातानं कसं पिकलं ते सांगत, आणि माणसं बैल जुंपून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ऐकत उभी राहत. ऊन डोक्यावर आलं की बापू उपरण्यातून हात काढत. मग एक मूठ, आणि "जाय, पिकलं समज."

ज्या वर्षाचं मी सांगते त्या वर्षी आमचं सोयाबीन सोंगून ढीग घातला आणि त्यावर परतीचा पाऊस पडला. शेंगा काळ्या पडल्या, आतून कोंब आले. आता जे काय होतं ते हरभऱ्यावर. तो हुकला तर आम्हा दोघांना पोरं सासूबाईंजवळ ठेवून ऊसतोडीला जावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवस उघडीप झाली आणि जमिनीला सुरेख वाफसा आला. ढेकूळ मुठीत दाबलं की मोडावं, पण हाताला चिकटू नये, तसा. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते दाबून पाहिलं, शेजाऱ्याची बैलजोडी मागितली आणि बापूंना बोलवायला गेले.

बापू म्हणाले, उद्या. उद्या ते केनवडच्या बाजाराला गेले. परवा मेडशीला सोयरिकीत गेले. त्यानंतर त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं. बोटाला हळदीची चिंधी बांधून ते ओसरीवर बसले होते. आमच्या घरच्यांनी हात जोडून सांगितलं की ओल उडून चालली आहे. बापूंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"काहून घाई करून राह्यला बे? जमिनीले काय पाय हाय? कुठी जाते पयून?"

जमिनीला पाय नाहीत, ओलीला असतात. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. सगळे जन्माचे शेतकरी. पण सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरी जाऊन बसले. आमच्या वावरात ढेकळं पांढरी पडायला लागली. आमच्या घरचे दिवसातून कितीदा तरी जाऊन ती पाहून येत, आणि येऊन पुन्हा बापूंच्या नखुरड्याची चौकशी करत.

चौथ्या सकाळी सासूबाई बियाण्याची थैली डोक्यावर घेऊन वावराकडे निघाल्या. मागून मी, त्यामागं बैल घेऊन आमच्या घरचे. सासूबाईंनी थैली सोडली, मूठ भरली आणि चाड्यावर धरली. आमच्या घरच्यांनी बैल आवरले. माय, तू नको, असं काहीतरी ते पुटपुटले. विधवेच्या हातची पहिली मूठ आमच्याकडे कोणी घेत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "माह्या कपायाले कुकू नाही, हे हरबऱ्याले कोन सांगते? तू सांगतं का?"

आणि मूठ सोडली. आमच्या घरच्यांनी आधी चारी धुऱ्यांकडे कोणी पाहत तर नाही ना ते पाहिलं, आणि मगच बैल हाकले. संध्याकाळी मला बजावलं, गावात कुठं बोलू नको.

आमचा हरभरा दाट उगवला. ऊसतोड टळली. बापूंचं बोट बरं होईपर्यंत जे थांबले त्यांच्या वावरात निम्म्या ओळी रिकाम्या. त्यांना बापूंनी सांगितलं, "तुमचा इस्वास कमी पडला." आणि ते लोक खाली मान घालून ऐकत राहिले. घाटे भरले तेव्हा बापू आमच्या धुऱ्यावर हुळा खायला आले. भाजलेले हिरवे दाणे उजव्या हातानं तोंडात टाकत आमच्या घरच्यांना म्हणाले, "मी दुखण्यात होतो, तरी माह्या नावानं पेरलं ना तू?"

"हो बापू. तुमचंच नाव घेतलं."

सासूबाई पलीकडे बसून हुळ्याची राख फुंकत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी बापू तापानं गेले. तिरडीवर त्यांचा उजवा हात उघडा ठेवला होता. माणसं घरून बी घेऊन आली आणि त्या गार हाताला लावून लावून परत नेत होती. रडत होती. मला रडू आलं नाही.

मग हरभऱ्याचा वाफसा आला. बापूंचा मुलगा पुण्यात कंपनीच्या फाटकावर वॉचमन आहे. तेरवी करून तो परत गेला होता, त्याला रजा नव्हती. आम्ही उजाडताच पेरून घराकडे निघालो तेव्हा शेजारच्या वावरात दहा-बारा माणसं जमली होती. एकानं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल तिफणीवर धरला होता. रेंज येत नव्हती म्हणून सगळी तिफण बैलांसकट धुऱ्याजवळच्या उंचवट्यावर ओढून आणली होती.

"तुमचं झालं का पेरून?" एकानं विचारलं. "मूठ कोनाची?"

 आमचे घरचे म्हणाले, "माह्या मायची."

पण तेवढ्यात रेंज आली आणि कोणी ऐकलंच नाही. मोबाईलवर बापूंच्या मुलाचा हात दिसला. सगळ्यांनी चपला काढल्या. हात चाड्याकडे आला आणि चित्र तिथंच अडकलं.

तिफण धरणाऱ्यानं विचारलं, हाकू का बैल.

"थांब ना बे," मोबाईलवाला म्हणाला. "हात हलू दे आधी."