खुर्चीची हरकत

नाना गेल्याची बातमी मला धुळ्याच्या बसस्टँडवर कळली. रविवार होता, चरित्रकोशाच्या बैठकीसाठी मी नेहमीप्रमाणे जळगावला निघाले होते. आमची पुडकी वर्षानुवर्षं पोचवणारा कंडक्टर दारातच उभा होता. तो म्हणाला, "ताई, आज बैठकीला नका जाऊ. सरळ घरीच जा त्यांच्या." एवढंच बोलला आणि घंटी मारली. पिशवीत नानांच्या हिरव्या शाईनं तपासलेली नोंद होती. ती मांडीवर घेऊन मी जळगावपर्यंत बसले, आणि खरं सांगायचं तर सगळ्या वाटेत मला त्यांचा रागच येत होता. अर्धं काम आमच्या गळ्यात टाकून जायला त्यांना कोणी सांगितलं होतं?

दामोदरनाना जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, यांनी खानदेशातल्या होऊन गेलेल्या माणसांचा चरित्रकोश करायला घेतला. पैसा नाही, संस्था नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणारी आम्ही काही मंडळी... मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणारी, पाटीलभाऊ वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला, बाकी असेच कुणी कुणी. नोंद एकानं लिहायची, एसटीनं दुसऱ्याकडे धाडायची, त्यानं आपल्या रंगाच्या शाईनं दुरुस्ती करायची, मग तिसऱ्याकडे. एकेक कागद फिरून यायचा तेव्हा होळीतून आल्यासारखा दिसायचा. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच येत नसे. मी लाल शाईवाली, माझ्याबद्दल पाटीलभाऊ म्हणायचे की ताई नोंद तपासत नाहीत, उलटतपासणी घेतात. नानांची हिरवी शाई मात्र एकच काम करायची. विशेषणं खोडायची. 'थोर', 'त्यागी', 'महान' असं काही दिसलं की संपलं. काय केलं ते लिहा, केवढा होता ते वाचणारा ठरवेल, असं त्यांचं म्हणणं.

बैठक भरायची ती बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत. दुकानाचे मालक शेठजी मारवाडी, त्यांनी खोली फुकट दिली होती. तिथे एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही, हा नानांचा दंडक. तयार झालेली नोंद त्या रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं वाचून दाखवायची. ज्याची नोंद, तो तिथे बसून ऐकतो आहे असं धरायचं. वाचताना बाकीच्यांनी माना खाली घालायच्या, कारण आपल्याविषयी दुसरे काय म्हणतात ते ऐकणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहू नये. वाचून झालं की थोडा वेळ थांबायचं. त्या वेळात खुर्ची वाजली, तर नोंद परत फिरवायची. जळगावच्या उन्हाळ्यात वाळलेला वेत कडकडतो, हे मला काय कळत नव्हतं? मी पहिल्याच बैठकीत तसं सुनावलं. नाना हसले आणि म्हणाले, "असेल. पण ताई, परत तपासली की दर वेळी चूक सापडते." आणि सापडायची. एका कीर्तनकाराच्या नोंदीत आम्ही भलत्याच गावाला समाधी दिली होती. एका शिक्षिकेचं श्रेय तिच्या नवऱ्याच्या नावावर गेलं होतं. मी खुर्चीवर विश्वास ठेवत नव्हते, पण माझी नोंद वाचायची पाळी आली की माझे तळवे घामेजायचे.

मग गोविंदाची नोंद आली. हे त्याचं खरं नाव नाही आणि गाव मी सांगणार नाही. तापीकाठचा, बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडणारा पोरगा. पोलीस मागे लागले तेव्हा त्यानं पुरात उडी घेतली आणि प्रेतही सापडलं नाही. गावच्या शाळेत त्याचं चित्र आहे, पंधरा ऑगस्टला त्याला हार घालतात. नानांची थोरली बहीण, अक्का, त्याच गावात दिलेली. त्यामुळे ही नोंद नानांनी जीव ओतून लिहिली होती. कोणाला आणखी माहिती असल्यास बैठकीत येऊन सांगावी, असं निवेदनही आम्ही इथल्या पेपरात दिलं होतं.

मे महिन्याची भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, खिडक्यांना ओली पोती लावलेली, खोलीत अंधार. नाना वाचत होते, आम्ही माना खाली घातलेल्या. 'तापीच्या पुरात मृत्यू' या शब्दांवर नोंद संपली. आम्ही थांबलो. खुर्ची वाजली... आणि ती वाळक्या वेताची कडकड नव्हती. माणूस सावरून बसतो तसा तो आवाज होता. मी मान वर केली. खुर्चीत एक म्हातारा बसला होता.

पायांना गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्याला फडकं, हात मांडीवर. पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची असेल असं समजून बसला असेल, असं मी नंतर स्वतःला समजावलं. तो नानांकडे बघत शांतपणे बोलला.

"बठ्ठं खरं शे. मरनं तेवढं खोटं शे."

पुढे त्यानं जे सांगितलं ते असं. तो वाहत वाहत पलीकडच्या काठाला लागला. भीतीनं तसाच गुजरातेत गेला, तिकडेच राबला. काही वर्षांनी परतला तर गावाबाहेरच कळलं की त्याच्या बायकोचा धाकट्या भावाशी पाट लागला आहे, घरात पाळणा हलला आहे. तो वेशीवरूनच मागे फिरला. आता आम्ही शोध घेतोय असं ऐकून तो आला होता, आणि त्याचं मागणं एकच होतं. शोधू नका.

"ती म्हातारी व्हयनी आते. तिना संसार मोडू नका. मी मरेल शे तेच बरं शे."

पाटीलभाऊ पाणी आणायला उठले, नाना त्याचा हल्लीचा पत्ता विचारू लागले. तो पायऱ्या उतरून गेला. पाण्याचा पेला खुर्चीजवळ भरलेलाच राहिला. मी धावत खाली गेले. शेठजी जिन्याच्या तोंडाशीच गादीवर बसले होते, जागे, आकडेमोड करत. त्यांनी देवाशपथ सांगितलं की सकाळपासून तुमच्याशिवाय हा जिना कोणी चढलेलं नाही आणि उतरलेलंही नाही. रस्ता दोन्हीकडे लांबवर रिकामा होता.

त्यानंतर आमच्यात जुंपली. कोणी म्हणे भामटा होता, कोणी म्हणे आणखी काही. मी म्हणाले, इतिहास म्हणजे इतिहास. जिवंत असेल तर शोधून काढा आणि तसं छापा, नसेल तर पुरात मेला असं छापा. आजही मला यात काही चूक वाटत नाही. नानांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नोंदीवर हिरव्या शाईनं लिहिलं, 'उघडी'. त्या बाईच्या हयातीत ही नोंद छापायची नाही, खोटीही नाही आणि खरीही नाही. मी विचारलं, तो माणूस होता हे तरी तुम्हाला नक्की माहीत आहे का? नाना म्हणाले, "जिवंत असो की नसो ताई, हरकत घेतली ना त्यानं?"

कोशाचा पहिला खंड निघाला तेव्हा त्यात गोविंदा नव्हता. गावची मंडळी चालून आली. "आमना हुतात्मा तुमले चालना नही का?" असं म्हणत एकानं खंडाची प्रत जिन्याखाली भिरकावली. नाना हात जोडून उभे राहिले आणि चूक झाली म्हणाले. कसली चूक, ते सांगितलं नाही. अक्कांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्या वर्षी भाऊबीजेला त्यांनी नानांना बोलावलं नाही, पुढेही कधी नाही. गोविंदाची बायको अक्कांच्या शेजारच्याच घरात नांदत होती, अक्कांना सांगणं म्हणजे गावाला सांगणं. दर दिवाळीत नाना नवी टोपी घालून बसायचे आणि कोणी विचारलं तर प्रकृती बरी नाही म्हणून जात नाही, असं सांगायचे. ते बघून मला फार वाईट वाटायचं. एकदा मी म्हणाले की मी जाऊन अक्कांना सांगते. तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ते माझ्यावर ओरडले.

मागच्या थंडीत ती बाई गेली. नाना तोवर अंथरुणाला खिळले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, आता गोविंदाची नोंद बंद करा. मग थोडं थांबून म्हणाले, माझी लिहाल तेव्हा वाचून दाखवा. मी म्हटलं, इतकी घाई आहे का? त्यांनी डोळे मिटून घेतले.

गेल्या रविवारी आम्ही दोन्ही नोंदी वाचल्या. अक्का आल्या होत्या, पाटीलभाऊंनी त्यांना हाताला धरून जिना चढवला. गोविंदाच्या नोंदीत त्या दुपारी ऐकलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि मृत्यूची जागा कोरी ठेवली. खुर्ची गप्प होती. मग मी नानांची वाचायला घेतली. गोविंदाला त्यांनी का वगळलं आणि त्यापायी काय सोसलं, तेही त्यात होतं. अक्कांच्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं, 'असा सत्यनिष्ठ माणूस पुन्हा होणे नाही.' वाचून थांबले. आम्ही माना खाली घातल्या.

श्रावण चालू आहे. खोलीच्या भिंतींना ओल आली आहे, वेत मऊ पडलाय, या दिवसांत तो वाजत नाही. खुर्ची वाजली. एकदाच, सावरून बसल्यासारखी.

मान वर न करता मी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचली, थांबले. खाली शेठजींच्या दुकानात कोणीतरी तराजूत वजन टाकत होतं. खुर्ची वाजली नाही. तेवढ्यात अक्का उठल्या, खुर्चीपाशी गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "माले का बरं सांगं नही रे, दामू?"

आम्ही सगळे ऐकत राहिलो. खुर्ची वाजली नाही.

नियमाप्रमाणे नोंद बंद झाली. तिच्यात आता चूक नाही, म्हणजे नानांना तिथे येऊन बसायचं काही कारण उरलेलं नाही. हे मला बसमध्ये उमगलं आणि धुळ्यापर्यंत मी रडत आले. घरी आल्यावर नोंद पुन्हा काढली. पुढच्या बैठकीत ती परत वाचायची आहे, असं सगळ्यांना कळवलंय. कारण विचारलं तर सांगेन की तपासायची राहिली होती.

'थोर' हा शब्द मी तिच्यात मुद्दाम घातला आहे.