दही-साखर न घेता गेलेली कालिंदी

काशीच्या दूधविनायक आळीतल्या त्या घरातून तपासणीशिवाय कुणी गल्लीत उतरत नसे. तपासणीचं खातं अन्नपूर्णाबाईंकडे. उंबरठ्याशी उभ्या राहून त्या आधी गुंड्या बघत, मग भांग, मग चपला. सगळं पसंत पडलं, की तळहातावर दही-साखर ठेवून माणूस सोडत. थोरला बाळ चाळिशीचा, बँकेत अधिकारी. पण आईपुढे तोही निमूट हात पुढे करी.

धाकटी कालिंदी विद्यापीठात संप्रेरकांवर संशोधन करायची. संप्रेरक रक्तातून निरोप आणतं आणि पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर तो निरोप घेतो, एवढं तिनं सगळ्या आळीला शिकवून ठेवलं होतं. हा रिसेप्टर म्हणजे एक प्रथिन. ते पेशीच्या आत तयार होतं, तिथंच त्याची नीट घडी बसते, अंगाला साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात आणि मग ते पृष्ठभागावर पाठवलं जातं. कालिंदीनं त्या प्रथिनातला एकच दुवा बदलून पाहिला, तर संप्रेरक पेशींना चिकटेचना. रिसेप्टरच बिघडला, असं तिच्या नीलकंठ सरांनी ठरवलं. प्रबंध सोमवारी टायपिंगला जायचा होता आणि त्यातून हे प्रकरण गळणार होतं. म्हणजे दोन वर्षं गंगेत.

रविवारी सकाळी ती तोंड पाडून बसली असताना बाळचा मित्र वेणीमाधव दारात आला. त्यानं भरपूर हाका मारल्या, कडी वाजवली आणि बाळ घरात नाही असं गल्लीला सांगून तो पंचगंगा घाटाकडे निघून गेला. बाळ घरातच होता. त्यानं सदरा उलटा घातलेला आईनं पकडला होता. तो बदलताना त्याचं डोकं बाहीत अडकलं होतं.

"आई, दादाला हाका ऐकू येत होत्या?" कालिंदीनं विचारलं.

"न यायला काय झालं? कान शाबूत आहेत त्याचे. मीच सोडला नाही."

कालिंदी ताडकन उठली आणि दही-साखर न घेता पळाली. अन्नपूर्णाबाई वाटी हातात धरून बघतच राहिल्या.

आजवर तिनं अख्ख्या पेशींवर बाहेरून संप्रेरक ओतलं होतं. आता प्रयोगशाळेत तिनं पेशींची आवरणं विरघळवली आणि मग संप्रेरक घातलं. दुपारी यंत्रावरचे आकडे भराभर चढले. ताडून पाहायला घेतलेल्या, रिसेप्टर नसलेल्या पेशी तेवढ्या गप्प राहिल्या. सर रविवारीही यायचे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"चिकटतं की चांगलं! मग हा बाहेर का येत नाही?"

"घडी जराशी चुकलीय, सर. काम येतं त्याला, पण पेशी दारातच अडवते."

सरांनी प्रकरण ठेवलं. वर ते पहिलं घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी कालिंदी सगळं सांगत घरात शिरली. अन्नपूर्णाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नजर मात्र खाली होती. लेकीच्या एका पायात तिची सँडल होती, दुसऱ्यात बाळची चप्पल.

"ह्या अवतारात विद्यापीठात गेलीस," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या पेशीला कळतं कुणाला सोडू नये. आज माझंच लक्ष चुकलं."

आणि सकाळची दही-साखर त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.